सातवी-आठवीत मुली मुलांपेक्षा उंच का? आणि उंची नेमकी मोजायची कशी?

नोंदवही_आठवी
शाळेच्या आरोग्य नोंदवहीत दरवर्षी तेच दिसतं. सातवीत बऱ्याच मुली मुलांपेक्षा उंच, दहावीत मुलगे पुढे. पालकसभेतले ठरलेले प्रश्न: पाळी आली की मुलीची उंची थांबते का? चौदाव्या वर्षी मुलाला मिसरूड फुटलं नाही तर काळजी करावी का? लोंबकळून, पावडरी घेऊन उंची वाढते का? शिवाय शाळेच्या भिंतीवरची उंची आणि दवाखान्यातली उंची यांत दोन-दोन सेंमीचा फरक पडतो. कारणांसह सांगाल का?

कूर्चा
मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस वयात येताना जीएनआरएच हे संप्रेरक थांबून थांबून, ठरावीक अंतरानं सोडू लागतो, सुरुवातीला रात्री झोपेत. त्यावर पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडते, आणि मग बीजकोशांत इस्ट्रोजेन, वृषणांत टेस्टोस्टेरॉन तयार होतं. ही सुरुवात मुलींत ८ ते १३, मुलांत ९ ते १४ या वयात कधीही होऊ शकते.

उंचीचा झपाटा मुलींत लवकर येतो. सर्वाधिक वेग साधारण बाराव्या वर्षी, वर्षाला ८ सेंमीच्या आसपास. मुलांत तो चौदाव्याच्या आसपास, ९ ते १० सेंमी. त्याआधी दोघंही वर्षाला ५-६ सेंमीनं वाढत असतात. म्हणजे मुलांना या जुन्या वेगाची दोन वर्षं जास्त मिळतात. मोठेपणी स्त्री-पुरुषांच्या सरासरी उंचीत १३ सेंमी फरक असतो, त्यातला बराचसा इथूनच येतो.

लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांबीनं वाढतं ते इथूनच; ती बुजली की उंची थांबते. ती बुजवतं इस्ट्रोजेन, मुलांतसुद्धा! त्यांच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. १९९४ साली अमेरिकेतल्या एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या पेशी इस्ट्रोजेनला दादच देत नव्हत्या. उंची २०४ सेंमी, हाडांचं वय (एक्स-रेत हाडं किती पक्की दिसतात त्यावरून काढलेलं) १५, आणि पट्ट्या अजून उघड्या.

पाळी येते ती झपाट्याचा शिखरकाळ ओसरल्यावर. त्यानंतर सरासरी ५ ते ७ सेंमी वाढ उरलेली असते. दहाव्या वर्षी पाळी आली तर थोडी जास्त, चौदाव्या वर्षी आली तर कमी.

मोजपट्टी
दोन सेंमीचं कोडं बहुतेक वेळा भिंतीपाशी सुटतं. खाली स्कर्टिंगची फरशी पुढे आलेली असली की टाच भिंतीला टेकतच नाही. कधी छापील पट्टी जमिनीपासून वर चिकटवलेली असते, कधी डोक्यावर वही तिरकी धरली जाते, कधी आंबाडा मोजला जातो.

सपाट भिंत निवडा. बूट-मोजे काढायचे, केस मोकळे. टाचा, पार्श्वभाग आणि पाठ भिंतीला. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत यायला हवं; बहुतेक मुलं हनुवटी वर करतात, तिथेच चूक होते. काटकोनी लाकडी ठोकळा केस दाबून टेकवा. दोनदा मोजा, अर्ध्या सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. वेळ दर खेपेला तीच ठेवा, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून संध्याकाळी उंची सुमारे १ सेंमी कमी भरते.

अंतर सहा महिन्यांचं ठेवा. जूनमध्ये १४१.२, डिसेंबरमध्ये १४३.९ असेल तर वाढ २.७, वर्षाचा वेग ५.४. दर महिन्याला मोजून बारानं गुणलंत तर अर्ध्या सेंमीची चूकही ६ सेंमीची होऊन बसते.

आई-वडिलांवरून अंदाजही काढता येतो. दोघांच्या उंचीच्या बेरजेत मुलासाठी १३ मिळवा, मुलीसाठी १३ वजा करा, मग निम्मं. वडील १६८, आई १५४ असतील तर मुलगा १६७.५, मुलगी १५४.५. इकडे-तिकडे ८ सेंमी धरा.

हाडांचं_वय
मिसरूड ही उशिरा येणारी खूण आहे. मुलांत पहिली खूण वृषणं मोठी होणं, आणि ते डॉक्टरच तपासून सांगू शकतात. चौदा पूर्ण होऊनही कुठलीच खूण नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. मुलींत तेराव्या वर्षापर्यंत स्तनांची वाढ सुरू झाली नाही किंवा पंधरापर्यंत पाळी आली नाही, तरीही. डॉक्टर बहुधा डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात. हाडांचं वय मागे असेल आणि वडीलही उशिरा वाढलेले असतील, तर बहुतेक वेळा मुलगा नंतर भरून काढतो.

वर्गातल्या सगळ्यात उंच मुलीकडेही लक्ष हवं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आठ वर्षांच्या आत खुणा दिसल्या तर ती आज उंच दिसते, पण पट्ट्या लवकर बुजून शेवटी बुटकी राहू शकते. मुलांत ही मर्यादा नऊ. आणि वयात येण्याआधी वेग वर्षाला ४ सेंमीच्या खाली गेला तर थांबू नका.

लोंबकळण्यानं पट्टी वाढत नाही, पावडरीनंही नाही. जिममध्ये मिळणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या गोळ्या-इंजेक्शनांनी तर पट्ट्या लवकर बुजतात. कॅल्शियम मात्र हवंच, १३ ते १५ वयात रोज १००० मिलिग्रॅम. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं.

नोंदवही_आठवी
आभार. खेळणाऱ्या मुलांचं गुडघ्याखाली दुखतं, तेही वाढीमुळेच का?

हाडांचं_वय
वाटीच्या खाली नडगीवरचा उंचवटा दाबून दुखत असेल तर बहुधा हो. मांडीचा स्नायू त्या कच्च्या हाडाला ओढतो. काही आठवडे उड्या कमी, खेळानंतर १०-१५ मिनिटं फडक्यात गुंडाळलेला बर्फ. रात्री झोपमोड करणारं दुखणं, ताप किंवा लंगडणं असेल तर लगेच दाखवा.