अनुभव सांगा: लोक मतदानाला, ग्रामसभेला आलेच नाहीत, मग गावाचं काय झालं?

धागाकर्ता, अमरावती: मतदान कमी झालं की टक्केवारीची बातमी येते आणि विषय मिटतो. मला त्याच्या पुढचं हवंय. जे आले नाहीत त्यांच्यामुळे निर्णय कोणीकडे झुकला? आपल्या विदर्भातल्या खेड्यांतलं, स्वतः पाहिलेलंच लिहा. पक्षांची धुणी इथे नकोत.

बचतगटातली, बुलडाणा जिल्हा: आमच्याकडे देशी दारूचं दुकान बंद करायचं की नाही, यासाठी बाटलीचं मतदान झालं: आडवी बाटली म्हणजे बंद, उभी म्हणजे सुरू. अर्जाला 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात, त्या दारोदार फिरून जमवल्या. मोजणीत आडवी बाटली उभीच्या कितीतरी पुढे! पोरं गुलाल आणायला पळाली. तेवढ्यात साहेबांनी नियम वाचला: आलेल्या बायांपैकी नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पाहिजेत. आता यादीत कोण? लग्न होऊन गेलेल्या पोरी, पुण्याला गेलेल्या सुना, वारलेल्या म्हाताऱ्या. त्या सगळ्या उभ्या बाटलीच्याच कामी आल्या. शिवाय कापूस वेचायला गेलेल्या होत्याच. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, दिवस बुडवून कोण येणार? त्यांना मी बोल लावत नाही. दुकान सुरू आहे.

शेतकरी, दारव्हा तालुका: आमच्या गावात ग्रामसभा म्हंजे तहकूब सभाच. गणपूर्तीले 15 टक्के मतदार नाहीतं 100 जण, जे कमी असंल ते. तेवढे जमतच नाहीत. मंग सभा तहकूब, अन् तहकूब सभेले गणपूर्ती लागत नाही. चार टाळके बसले तरी ठराव पास! घरकुलाची यादी अशीच झाली. मी बोंबललो तं म्हणे, तू कुठी होता? कुठी असणार बापा, 2 ऑक्टोबरले सोयाबीन सोंगत होतो. तारीख ठरवणाऱ्यानं विळा धरला नसंल कधी.

लाखनी, भंडारा: आमच्याकडे हजेरीचं रजिस्टरच घरोघर फिरते. सही आधी, विषय मागून कळते.

शिक्षक, मेळघाट: 26 एप्रिल 2024 ला लोकसभेचं मतदान होतं. रस्ता, पाणी, वीज नाही म्हणून इकडच्या काही गावांनी बहिष्कार टाकला. हे आळसानं घरी बसणं नव्हे, ठरवून घेतलेला निर्णय होता. पण लोकसभेला किमान मतदानाची अट नाही, त्यामुळे निकालावर काही अडलं नाही. दारूबंदीत न आलेली बाई मोजली जाते, इथे अख्खं गाव मोजलं जात नाही. मला हे विचित्र वाटतं.

धानोरा, गडचिरोली: आमच्या तालुक्यातल्या मेंढा-लेखाला बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते. एकाचा विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीला. वेळ फार जातो, चर्चा रटाळही होते. पण जंगलाचा सामूहिक हक्क त्यांनी 2009 मध्ये असाच एकत्र बसून मिळवला. माणसं येतात, कारण आपण नाही म्हटलं तर काम थांबतं हे त्यांना माहीत आहे.

पुसद: बुलडाण्याच्या ताई, पुन्हा अर्ज करण्याआधी मतदारयादी घेऊन बसा. वारलेल्या आणि कायमच्या गाव सोडून गेलेल्यांची नावं कमी करायला नमुना 7 भरून बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, द्यायचा. आमच्या गावात अंगणवाडीताईच बीएलओ आहेत, तुमच्याकडेही असतील. आणि मतदानाची तारीख वेचणी संपल्यावरची मागून पाहा.