नामसमूहातील प्रत्येक शब्दाचे कार्य कसे ओळखावे?

प्रश्न:
कार्यात्मक व्याकरणात एखादी वस्तू किंवा व्यक्ती एकट्या नामाने नव्हे, तर नामसमूहाने वर्णिली जाते, असे वाचले. ‘ती तीन जुनी लोखंडी कपाटे’ हा समूह घेतला, तर शालेय व्याकरणानुसार ‘ती’, ‘तीन’, ‘जुनी’ आणि ‘लोखंडी’ ही चारही विशेषणेच ठरतात. मग त्यांना वेगवेगळी नावे देऊन नेमके काय साधते? शिवाय इंग्रजीसाठी मांडलेला अशा शब्दांचा क्रम मराठीला जसाच्या तसा लागू पडतो का?

प्रतिसाद १:
विशेषण हे शब्दाच्या जातीचे नाव आहे, तर कार्यात्मक व्याकरण तो शब्द त्या समूहात कोणते काम करतो हे विचारते. भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांच्या १९८५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील मांडणीनुसार ‘ती’ हा निर्देशक, ‘तीन’ हा संख्यादर्शक, ‘जुनी’ हा गुणदर्शक, ‘लोखंडी’ हा वर्गदर्शक आणि ‘कपाटे’ हे वस्तुपद, म्हणजे ज्या वस्तूविषयी बोलायचे तिचे नाव, होय. निर्देशक वस्तूला बोलण्याच्या प्रसंगाशी बांधतो; तेथून नामाकडे सरकत जावे तसतसे शब्द वस्तूच्या अधिकाधिक स्थायी अंगाविषयी बोलू लागतात. म्हणूनच ‘लोखंडी जुनी कपाटे’ कानाला खटकते.

गुणदर्शक आणि वर्गदर्शक यांतील फरक तरतमभावाने तपासता येतो. ‘फारच जुनी कपाटे’ म्हणता येते, ‘फारच लोखंडी कपाटे’ म्हणता येत नाही. एकच शब्द दोन्ही कामे करू शकतो, हे तर अधिक रंजक आहे: ‘काळी पिशवी’ यात रंग सांगितला आहे, पण ‘काळी माती’ हा बहुधा मातीचा प्रकार असतो. ‘जास्त काळी माती’ म्हणताच ‘काळी’ पुन्हा गुणाकडे झुकते.

गुणदर्शकांतही एक पोटभेद आहे. ‘ती बिचारी मुलगी’ यातील ‘बिचारी’ मुलीचा गुण सांगण्यापेक्षा बोलणाऱ्याची भावना सांगते. ‘कोणती मुलगी?’ या प्रश्नाला ‘उंच’ हे उत्तर चालते, ‘बिचारी’ चालत नाही.

प्रतिसाद २:
वरील विवेचन पटते, मात्र क्रमाविषयी सावध राहायला हवे. इंग्रजीत वस्तूची ओळख पटवणारे उपवाक्य नामानंतर येते आणि हॅलिडे यांनी त्याला वेगळे कार्य दिले आहे. मराठीत तेच काम कृदन्त, म्हणजे ‘आणलेली’सारखे क्रियापदापासून बनलेले रूप, नामाआधी करते, तेही कधी निर्देशकाच्या अलीकडे, तर कधी पलीकडे: ‘काल आणलेली ती तीन कपाटे’ आणि ‘ती काल आणलेली तीन कपाटे’ हे दोन्ही चालते. ‘जी कपाटे काल आणली, ती’ ही रचना तर नामालाच उपवाक्यात ओढून नेते. तेव्हा जागेवरून कार्य ठरवण्याची सवय मराठीत सोडावी लागते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. मग ‘दोन बादल्या पाणी’ या समूहात वस्तुपद कोणते मानावे? मला तर ‘बादल्या’ हेच मुख्य वाटते.

प्रतिसाद १:
क्रियापदालाच विचारून पाहावे. आपण ‘दोन बादल्या पाणी सांडले’ म्हणतो; बादल्या स्त्रीलिंगी अनेकवचनी असूनही क्रियापद पाण्याशी जुळते. म्हणजे येथे ‘दोन बादल्या’ हे केवळ माप असून संख्यादर्शकाचे काम करते, आणि वस्तुपद ‘पाणी’ आहे. ‘पाण्याच्या दोन बादल्या सांडल्या’ म्हटले की क्रियापद बादल्यांकडे वळते आणि ‘पाण्याच्या’ हे बादल्यांचा प्रकार सांगू लागते. इंग्रजीत अशा मापाच्या रचनेत मापाचा शब्द व्याकरणदृष्ट्या शीर्ष, म्हणजे समूहाचा मुख्य शब्द, ठरतो, तर अर्थाच्या अंगाने वस्तुपद मापलेला पदार्थ असतो, म्हणून हॅलिडे तार्किक (शब्दांची रचना पाहणारा) आणि अनुभवपर (अर्थ पाहणारा) असे दोन थर वेगळे ठेवतात. मराठीच्या पहिल्या रचनेत मात्र हे दोन्ही थर ‘पाणी’ या एकाच शब्दावर येऊन मिळतात.