पपायरस वाळून राहिलं आहे, तातडीने मदत हवी

रानजाई (नागपूर), १६ एप्रिल, सायं. ६:१०
नमस्कार. फेब्रुवारीत आणलेलं पपायरस शेंड्याकडून वाळून राहिलं आहे. आधी नुसती टोकं तपकिरी झाली, आता अख्खे झुपके चालले. नऊ दांड्या होत्या, चार हिरव्या उरल्या. पाणी भरपूर आहे, तेव्हा "पाणी घाला" असं कृपया सांगू नका. १० मेला सासऱ्यांची पंच्याहत्तरी गच्चीवर करायची आहे आणि त्या कोपऱ्यासाठीच मी हे हौसेनं आणलं होतं. नर्सरीवाला म्हणतो उन्हाळा आहे, होतंच. काय फवारू? औषधाचं दुकान आठला बंद होतं. फोटो चढत नाहीये.

कुंडीकर, ६:३२
ताई, फवारणीसाठी दुकानात जाऊ नका, आधी थोडं सांगा. झाड भोकाच्या कुंडीत आहे की पाण्याच्या टबात? माती कसली? ऊन किती तास? आणि डोक्यावर छत्रीच्या काड्यांसारखी रुंद पानं आहेत की केसांसारखे बारीक धागे? आपल्याकडे नर्सऱ्यांमध्ये पपायरस म्हणून दोन-तीन वेगवेगळी झाडं देतात.

सदाहरित, ६:४०
सोपं आहे. वाळक्या नसलेल्या दांडीचं डोकं चार बोटं दांडीसकट कापा, पानं निम्मी छाटा आणि पाण्याच्या बरणीत उलटं ठेवा. पंधरा दिवसांत मधून मुळं आणि कोंब येतात. माझ्याकडे एका झाडाची चाळीस झाली, सगळ्या सोसायटीत वाटली.

रानजाई, ६:४८
टबात आहे. ऊन आहे. सदाहरितताई, चारही हिरवी डोकी कापून लगेच लावते.

कुंडीकर, ६:५१
थांबा! आधी धागे की पानं ते सांगा.

रानजाई, ७:०५
बारीक धागे. फटाक्यातून ठिणग्या उडाव्यात तसा गोल झुपका. एक कापून झाली आहे.

कुंडीकर, ७:१४
मग हे खरं पपायरस, सायपेरस पपायरस. सदाहरितताई सांगतात ते सायपेरस अल्टरनिफोलियस, ज्याला अम्ब्रेला पाम म्हणतात. ते उलटं ठेवलं की हमखास फुटतं. खऱ्या पपायरसचा तसा भरवसा नाही, त्याची रोपं मुळाशी असलेला जाड कंद कोंबासकट तोडून करतात. ताईंकडे हिरव्या दांड्याच मोजक्या आहेत. कंदाला अन्न त्याच पुरवतात, त्या कापल्या तर झाड आणखी खचेल.

सदाहरित, ७:२५
मी बारा वर्षं लावते आहे. एकदा धाग्यांच्या झुपक्यालाही मुळं आली होती. प्रयत्न करायला काय हरकत आहे?

कुंडीकर, ७:३१
दहा दांड्या असत्या तर मीही म्हटलं असतं करून बघा. चारातल्या एकीवर प्रयोग नको.

मातीमाय, ८:०२
पाण्यातल्या झाडांची उपासमार होते हे कुणी लक्षात घेत नाही. दोन ओंजळी कुजलेलं शेणखत आणि लिटरभर जीवामृत टबात घाला. माझ्या कमळांना दर महिन्याला देते, पानं पंचपाळ्याएवढी झाली आहेत.

तळ्याकाठी, ८:२०
उघड्या टबात शेणखत कधीही नाही. पाणी हिरवं होतं, वास मारतं, मासे असले तर श्वासाला तडफडतात. द्यायचंच तर कुंडीतल्या मातीत खोल पुरून वर दोन बोटं वाळू. आणि टोकं जळत असताना खत म्हणजे जखमेवर तिखट. मासे आहेत का? नसतील तर डासांचं काय करता? नागपुरात डेंग्यूचा त्रास असतो.

बांधावरचा (यवतमाळ), ९:१५
हे लव्हाळ्याच्या, मोथ्याच्या कुळातलं आहे हे माहीत आहे ना? माझ्या वावरात मोथा एकदा शिरला तो आजवर गेला नाही. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तरी वरचं उपटून गाठी खालीच राहतात. असं झाड घरात हौसेनं आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कुंडीकर, ९:२८
दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण मोथ्याच्या जमिनीखाली साखळीने पसरणाऱ्या गाठी पपायरसला नसतात. याचा कंद अंगठ्यापेक्षा जाड असतो, टबातून उचलला की संपलं. काढलेला कंद मात्र नाल्यात किंवा तलावात टाकू नये, तेवढी काळजी हवीच.

जुनीपोथी, १०:०५
विषय निघालाच आहे म्हणून. याच दांडीच्या आतल्या पांढऱ्या गराच्या पट्ट्या काढून, एक थर उभा आणि एक आडवा ठेवून, दाबून वाळवला की प्राचीन इजिप्तचा लिहिण्याचा पापिरस व्हायचा. पट्ट्या झाडाच्या स्वतःच्या रसानेच चिकटतात. गंमत म्हणजे दांडी गोल नसून त्रिकोणी असते, बोटांत फिरवून बघा. खुद्द इजिप्तमध्ये हे झाड जवळजवळ नाहीसं झालं होतं, तिथले अभियंते हसन रागब यांनी १९६० च्या दशकात पुन्हा लावून कागदाची कला उभी केली. ताई, वाळलेल्या दांड्या टाकणार असाल तर माझ्या शाळेतल्या मुलांसाठी पाठवाल का?

शिकागोची माई, १७ एप्रिल, पहाटे ५:५०
थंडीचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. गोठण्याच्या आधी टब घरात घ्या, दक्षिणेच्या खिडकीशी ठेवा आणि बशीत पाणी कायम राहू द्या. पहिल्या वर्षी मी गॅरेजमध्ये ठेवलं, मार्चमध्ये कंद हाताला मऊ लागला, सगळा सडलेला. फार वाईट वाटलं होतं.

रानजाई, सकाळी ७:२०
माई, इथे ४२ डिग्री आहे. मासे आहेत, सहा गप्पी, मजेत आहेत, म्हणजे पाण्यात दोष नाही. ऊन सकाळी आठ ते चार. वाळक्या दांड्या अवश्य पाठवते, पण आधी झाड वाचू द्या. करायचं काय ते कुणीतरी एक सांगा ना.

विदर्भवासी, ७:४५
आठ ते चार नागपूरचं ऊन! हाच रोग. हिरवी जाळी बांधा, विषय संपला.

कंपालाकर, ९:१०
मी नोकरीनिमित्त सहा वर्षं युगांडात राहतो. इथल्या दलदलीत पपायरस डोक्याच्या दुप्पट उंच उभं असतं, विषुववृत्तावरच्या उन्हात, सावलीशिवाय. कित्येक ठिकाणी त्याच्या मुळांच्या जाळ्याचं जाड बेट पाण्यावर तरंगत असतं. त्यामुळे नुसत्या उन्हाला दोष देणं मला पटत नाही. गच्चीवरची गरम झळ टोकं करपवते हे मान्य, पण अख्खे झुपके? इथलं पाणी हलतं, नवं येतं, जुनं जातं. ताई, तुमच्या टबातलं पाणी शेवटचं पूर्ण कधी बदललं? रोज जे घालता ते कोणतं? आणि भिंतीच्या, म्हणजे सावलीच्या बाजूच्या दांड्याही वाळल्या का?

रानजाई, ९:४०
भिंतीकडच्याच आधी गेल्या. पाणी बदललं नाही, टबाला भोक नाही, आटलं की भरते. नळाचं पाणी उन्हाळ्यात वाया घालवायला जीव होत नाही म्हणून डेझर्ट कूलरच्या टाकीतलं घालते. डासांमुळे टाकी दर तीन दिवसांनी उपसायचीच असते. कूलरला बोअरचं पाणी आहे.

कंपालाकर, ९:४६
सापडलं. टबाच्या काठावर पांढरी पुटं आहेत का?

रानजाई, ९:५०
आहेत. मी चुना समजून घासते.

कुंडीकर, १०:०८
हे काल पहिल्याच ओळीत विचारायला हवं होतं मी. बोअरचं पाणी आधीच जड. कूलरमध्ये वाफ होऊन पाणी उडतं आणि क्षार टाकीत राहतात, म्हणजे उरलेलं पाणी दुपटी-तिपटीने खारं. ते तुमच्या बिनभोकाच्या टबात, तिथेही पाणी उडतं, क्षार पुन्हा मागे. दोन महिने हेच चाललं आहे. मुळं ते ओढतात आणि ते टोकाशी साठून टोक जळतं. भिंतीकडच्या दांड्या आधी गेल्या म्हणजे उन्हाने नाही.

तळ्याकाठी, १०:१५
गप्पी जिवंत आहेत हा पुरावा धरू नका. गप्पी बऱ्याच खाऱ्या पाण्यातही आरामात राहतात.

विदर्भवासी, १०:२२
तरी जाळी बांधाच. गच्चीच्या सिमेंटची धग आणि दलदलीतली ओल यात फरक आहे.

कुंडीकर, १०:४५
जाळी दुपारपुरती, महिनाभर, याला माझी ना नाही. पण क्रम असा ठेवा. एक बादली नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडतं, सकाळी गप्पी त्यात हलवा. टब पूर्ण उपसा, पुटं खरवडा. पपायरसची आतली कुंडी मोरीत ठेवून नळाच्या पाण्याने तीन-चार वेळा सोडून सोडून धुवा, खालून पाणी निघून जाऊ द्या. कुंडीत माती आहे की कोकोपीट?

रानजाई, १०:५२
कोकोपीटच. हलकं म्हणून नर्सरीवाल्याने भरलं. आणि एक राहिलं: तपकिरी टोकं मी दर रविवारी कात्रीने छाटत होते, झुपके आखूड झाले म्हणून वाईट दिसतात.

कुंडीकर, ११:०४
छाटलेला झुपका पुन्हा वाढत नाही. नवीन दांडी येते ती कंदातूनच. तेव्हा पूर्ण वाळलेली दांडी बुडातून कापा, अर्धवट हिरवी तशीच राहू द्या, दिसायला कशी का असेना. कोकोपीट आत्ता बदलू नका, मुळांना एकाच वेळी दोन धक्के नकोत. नवे कोंब हातभर झाले की चिकण काळी माती आणि थोडी वाळू घाला, वर खडे, म्हणजे टबात तरंगणार नाही. पाणी मातीच्या वर तीन-चार बोटं. यापुढे फक्त नळाचं, आणि दर पंधरवड्याला निम्मं काढून नवं. खत तोवर शून्य.

मातीमाय, ११:३०
खताबद्दलचं मी मागे घेते. कमळांना मी नदीचं पाणी देते, क्षारांचा विचारच मनात आला नाही.

बांधावरचा, दुपारी १२:१०
उपसलेलं पाणी बागेतल्या दुसऱ्या झाडांना देऊ नका ताई. आमच्याकडे कालव्याखालची जमीन अशीच क्षाराने पांढरी पडली आहे. सरळ मोरीत सोडा.

रानजाई, १९ एप्रिल, रात्री ९:२५
सगळं केलं. शेजारच्या आरओवाल्याकडून मीटर मागून मोजलं. नळाचं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, २३०, टबातलं १९४०. आकडा बघून पोटात खड्डाच पडला. दोन महिने मी जीव लावून तेच पाजत होते. बरणीतलं उलटं डोकं बुळबुळीत होऊन सडलं.

सदाहरित, रात्री ९:५०
ते माझ्या घाईने गेलं, माफ करा ताई. तुमच्याकडे नवीन कोंब आले की माझ्याकडचं अम्ब्रेला पामचं मोठं रोप पंच्याहत्तरीसाठी पाठवते. माझी बहीण नागपुरातच असते, दोन तासांत पोचवेल.

रानजाई, ४ मे, सकाळी ६:४०
तीन कोंब! भाल्याच्या टोकासारखे, हिरवेगार, सर्वात मोठा वीतभर आहे. पंच्याहत्तरीला झुपके उमलणार नाहीत हे कळतंय, पण आता घाई नाही. सदाहरितताई, बहिणीचा नंबर व्यक्तिगत निरोपात कळवा. जुनीपोथी, पाच वाळक्या दांड्या बांधून ठेवल्या आहेत. कंपालाकर, काळी माती कधी घालू, कोंब आणखी किती वाढू देऊ?

कंपालाकर, ७:१५
कुंडीकरांनी सांगितलं तेच, हातभर. पाऊस सुरू झाल्यावर केलंत तर सर्वात उत्तम.