कोरियाचे युद्ध आणि ट्रूमन: दोष नेतृत्वाचा किती, पक्षीय राजकारणाचा किती?

रामबाग_वाचक (इंदूर)

आमच्या रामबागेतल्या वाचनमंडळाने या वेळी ‘अप्रिय युद्ध आणि राष्ट्राध्यक्ष’ हा विषय घेतला असून माझ्या वाट्याला कोरियाचे युद्ध आले आहे. जून १९५० मध्ये उत्तर कोरियाने चढाई केली, तेव्हा दक्षिण कोरियाच्या मदतीला सैन्य पाठवण्याच्या अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांच्या निर्णयाला दोन्ही पक्षांतून पाठिंबा मिळाला होता. पुढे मात्र विरोधी रिपब्लिकन पक्ष त्याला ‘ट्रूमन यांचे युद्ध’ म्हणू लागला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये गॅलप संस्थेच्या जनमत पाहणीत त्यांच्या कारभारावर समाधानी असणारे अवघे २२ टक्के उरले. एक बाजू म्हणते की चीन कम्युनिस्टांकडे गेल्याचा राग, सरकारात कम्युनिस्ट शिरल्याचे सिनेटर मॅकार्थी यांचे आरोपसत्र आणि १९३३ पासून अध्यक्षपद हाती नसल्याची चरफड, या सगळ्याचे खापर ट्रूमन यांच्या डोक्यावर फुटले. दुसरी बाजू म्हणते की नेतृत्वच तोकडे पडले. मंडळात प्रत्येक जण आपल्या इथल्या पक्षनिष्ठेप्रमाणे बाजू घेतो आणि पंधरा मिनिटांत कोरिया बाजूलाच राहतो. म्हणून कृपया नेमके निर्णय समोर ठेवून कोणी सांगू शकेल का?

महूकर

मी महूला बरीच वर्षे युद्धेतिहास शिकवला आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. माझे मत असे की ट्रूमन यांच्यावर सर्वांत जास्त चिखलफेक ज्या निर्णयासाठी झाली, तो निर्णय योग्य होता. आणि ज्या निर्णयाने युद्ध खरोखर हाताबाहेर गेले, त्याबद्दल विरोधकांना बोलायला तोंड नव्हते, कारण त्यांनाही तेच हवे होते.

पहिला निर्णय म्हणजे ११ एप्रिल १९५१ रोजी कोरियातले सेनापती जनरल मॅकआर्थर यांना पदावरून दूर करणे. सरकारी धोरणावर टीका करणारे पत्र त्यांनी प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन नेते जोसेफ मार्टिन यांना पाठवले होते आणि मार्टिन यांनी ५ एप्रिलला ते भर सभागृहात वाचून दाखवले. रणांगणावरचा सेनापती विरोधी पक्षनेत्याशी असा पत्रव्यवहार करू लागला, तर त्याला दूर करण्यावाचून गत्यंतर नसते. कोणत्याही देशाच्या सैन्यात हेच झाले असते. तरीही महाभियोगाची भाषा झाली आणि मॅकआर्थर यांच्या मिरवणुका निघाल्या. पुढे सिनेटच्या सुनावणीत सेनादलप्रमुखांनीच अध्यक्षांची बाजू उचलून धरली, तेव्हा कुठे तो ज्वर उतरू लागला.

दुसरा निर्णय ऑक्टोबर १९५० मध्ये दोन्ही कोरियांमधली सीमा असलेले ३८ वे अक्षवृत्त ओलांडून उत्तरेत शिरण्याचा. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री पेकिंगमध्ये आपले राजदूत सरदार पणिक्कर यांना झोपेतून उठवून चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांच्याकडे बोलावण्यात आले. दक्षिण कोरियाचे सैन्य पुढे आले तर हरकत नाही, पण अमेरिकी सैन्य आले तर चीन युद्धात उतरेल, असे त्यांना स्वच्छ शब्दांत सांगण्यात आले. हा निरोप वॉशिंग्टनला पोहोचला. परंतु पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत, अशा समजुतीने तो मनावर घेतला गेला नाही. चीन मध्ये पडण्याची शक्यता फारच कमी आहे, असे मॅकआर्थर यांनी १५ ऑक्टोबरला वेक बेटावर ट्रूमन यांना सांगितले, आणि नोव्हेंबरअखेर चिनी फौजांनी संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याला मागे रेटले. नेतृत्वाचा खरा दोष इथे आहे. मध्यावधी निवडणूक तोंडावर असताना अक्षवृत्तावर थांबणे म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत देणे होते, हेही खरे. तरी या निर्णयाचे उत्तरदायित्व अध्यक्षांचेच राहते.

राज्यशास्त्र_शिक्षिका

महूकर यांचे विवेचन लष्करी अंगाने पटते, पण ‘ट्रूमन यांचे युद्ध’ हे नाव चिकटले याला कारण आधीचे आहे. त्यांनी युद्धाच्या संमतीचा ठराव काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, मांडलाच नाही. अध्यक्षांना असा अधिकार नाही, परंतु ठराव आणल्यास मी अनुकूल मत देईन, असे रिपब्लिकन सिनेटर टॅफ्ट जून १९५० मध्येच म्हणाले होते. ती संधी सोडल्यामुळे विरोधी पक्षाला पुढे हात झटकणे सोपे गेले.

मात्र मतदान घेतले म्हणजे अध्यक्ष सुटतो, असेही नाही. पुढचे एक अध्यक्ष जॉन्सन यांनी ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनाममध्ये बळ वापरण्याची मुभा देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत करून घेतला. तो सिनेटमध्ये पुढे नेणारे सिनेटर फुलब्राइट त्यांच्याच पक्षाचे, आणि १९६६ मध्ये व्हिएतनाम धोरणाची दूरचित्रवाणीवरून जाहीर उलटतपासणी करणारेही तेच. ३१ मार्च १९६८ रोजी जॉन्सन यांनी उमेदवारी नाकारली, ती मुख्यतः स्वपक्षातल्या बंडामुळे. तेव्हा विरोधकांचा दोषारोप हेच अध्यक्षाच्या पतनाचे कारण, असे मांडू नये.

रामबाग_वाचक (इंदूर)

दोघांचेही आभार. एक शंका उरते. वाटाघाटी जुलै १९५१ मध्ये सुरू होऊनही युद्धविराम २७ जुलै १९५३ ला झाला. ही दोन वर्षे कोणाच्या खात्यावर टाकायची?

महूकर

त्यातला मोठा भाग युद्धकैद्यांच्या प्रश्नावर गेला. ज्या कैद्याला परत जायचे नाही त्याला बळजबरीने पाठवणार नाही, ही भूमिका ट्रूमन यांनी १९५२ च्या सुरुवातीला घेतली. ती माणुसकीची होती, पण तिची किंमत सैनिकांनी चुकवली. या भूमिकेवरून त्यांना फारसे कोणी धारेवर धरले नाही. ओरड चालली होती ती ते पुरेसे कठोर नाहीत म्हणून. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्याच तत्त्वावर युद्धविराम केला. ट्रूमन यांनी तो केला असता तर शरणागती म्हणून गहजब झाला असता, असे मला वाटते.

परत न जाणाऱ्या सुमारे बावीस हजार कैद्यांचा ताबा आपल्या भारतीय दलाकडे आला आणि त्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीयांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देईनात, म्हणून आपल्या जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. आपल्या मंडळात मॅकआर्थर प्रकरण लवकर उरकून पणिक्कर आणि थोरात यांना वेळ द्यावा, अशी माझी सूचना आहे. तिथे निदान इथल्या पक्षांवरून भांडायला कोणाला फारसा वाव मिळणार नाही.