‘गुणसूत्रांची बदली’ की ‘गुणसूत्राचे स्थानांतर’?

प्रश्न : यावल तालुक्यातील आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी विद्यार्थिनी एक लेख तयार करीत आहेत. एका मानवी पेशीतील गुणसूत्र दुसऱ्या मानवी स्टेम सेलमध्ये (जिच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा पेशीत) नेऊन आनुवंशिक विकाराचा अभ्यास कसा करतात, हा त्याचा विषय आहे. एकीने ‘खोडपेशींमधील गुणसूत्रांची बदली’ असे शीर्षक दिले आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : ताई, ‘खोडपेशी’ हा शब्द आपल्या केळीच्या पट्ट्यात तरी टाळावा. केळीचे खोड म्हणून आपण जे पाहतो ते पानांच्या तळांचे एकात एक गुंडाळलेले थर असतात. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद, आणि मुनवे फुटतात ते त्यातूनच. ‘स्टेम सेल’साठी जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल यांनी १८६८ मध्ये वापरलेल्या मूळ जर्मन संज्ञेतील ‘श्टाम’चा अर्थ बुंधा असा आहे, तसाच वंश असाही आहे. तो दुसरा अर्थ ‘मूलपेशी’त नीट उतरतो.

‘बदली’ला माझी हरकत अधिक गंभीर आहे. तलाठ्याची बदली झाली की एक जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. येथे मात्र घेणाऱ्या पेशीतून काहीच जात नाही. उदाहरणार्थ, २१ वे गुणसूत्र नेले तर तिच्या ४६ गुणसूत्रांत त्याची एक प्रत वाढते आणि ती ४७ होतात, म्हणजे फ्रेंच वैद्यक लजन यांनी १९५९ मध्ये डाउन सिंड्रोम या जन्मजात विकारामध्ये दाखवून दिलेली स्थिती त्या पेशीत निर्माण होते. मूळ पेशी आणि ही पेशी यांत त्या एका गुणसूत्राखेरीज जवळजवळ काहीच वेगळे नसल्यामुळे, दिसणारा फरक त्याचाच आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. रुग्णाच्या पेशींची तुलना परक्या माणसाच्या पेशींशी केली तर ही सोय उरत नाही. म्हणून ‘स्थानांतर’ हा शब्द मला योग्य वाटतो. ‘देवाणघेवाण’ही नको, कारण जननपेशी तयार होताना गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात त्यासाठी तो शब्द रूढ आहे.

हे स्थानांतर करण्याच्या, १९७७ मध्ये फोर्निये आणि रडल या शास्त्रज्ञांनी वर्णिलेल्या पद्धतीत देणाऱ्या पेशीला कोल्सेमिड हे पेशीविभाजन रोखणारे रसायन देऊन तिच्या केंद्रकाची अनेक छोटी केंद्रके करतात; एकेका केंद्रकात एखादेच किंवा मोजकीच गुणसूत्रे राहतात. ती अपकेंद्री यंत्रात वेगळी काढून घेणाऱ्या पेशीशी जोडतात. या इवल्या पुड्यांना ‘सूक्ष्मपेशी’ म्हणावे.

प्रश्न : मग तीन प्रतींच्या स्थितीला ‘त्रिगुणित’ म्हणावे का?

उत्तर : नाही, ताई. आपली ग्रँड नैन केळी त्रिगुणित आहे, कारण तिच्यात सगळ्या ११ गुणसूत्रांचे तीन-तीन संच, म्हणजे एकूण ३३ गुणसूत्रे असतात. येथे एकाच गुणसूत्राच्या तीन प्रती आहेत. ‘२१ व्या गुणसूत्राची त्रिप्रतता’ असे स्पष्ट लिहावे. आणखी एक सूचना : विकाराच्या ‘मॉडेल’साठी ‘विकाराचा नमुना’ लिहिले तर ते वाचून मुलींना रक्ताचा नमुना आठवेल, तेव्हा ‘प्रतिरूप’ म्हणावे. शीर्षक असे करता येईल : ‘मानवी मूलपेशींत गुणसूत्राचे स्थानांतर आणि आनुवंशिक विकारांची प्रतिरूपे’.