ट्रेडच्या अफवा की ऑक्टोबरचं बेसबॉल: खरा खेळ कुठे चाललाय?

नववी_इनिंग
सरळ मुद्द्यावर येतो. एनबीएची (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) बातमी आता सामन्याची राहिलेलीच नाही, ट्रेडची म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची झालीय. कोण नाराज आहे, कोणाच्या एजंटाने कोणाला फोन केला, कोणाला कुठलं शहर आवडतं, बारा महिने हेच दळण. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

आता 2025 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम फेरी, बघा. टोरंटोत सातवा सामना, नववी म्हणजे शेवटची इनिंग, टोरंटोचे ब्लू जेज 4-3 ने पुढे, लॉस एंजलिसच्या डॉजर्सचा एक जण आउट. विजेतेपदाला दोन आउट बाकी. समोर मिगेल रोहास, ज्याला कोणी फटकेबाज म्हणून ओळखत नाही. त्याने पिचर (चेंडू टाकणारा) जेफ हॉफमनला होम रन मारला, बरोबरी केली आणि अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथच्या होम रनवर डॉजर्स 5-4 ने जिंकले. यात ना एजंट, ना 'खात्रीलायक सूत्र'. माझं म्हणणं एवढंच की अफवांचा मोसम हा खेळ नाही, खेळाच्या नावावर चाललेली कुजबुज आहे. पटत नसेल तर खोडून काढा.

एप्रनची_गाठ
वाचता येत नसेल तर ती कुजबुजच वाटणार. अफवा आली की खाली लिहिलेलं तपासा, दहातल्या आठ तिथेच गळतात.

पहिलं, पगार जुळतो का. एनबीएत कॅपच्या (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) वर असलेल्या संघाला खेळाडू नुसता 'विकत' घेता येत नाही, जवळपास तेवढ्याच पगाराची माणसं उलट पाठवावी लागतात. लीग आणि खेळाडूंच्या 2023 च्या करारानंतर कॅपच्याही वरच्या दोन पगार-रेषा, म्हणजे दोन 'एप्रन', महत्त्वाच्या झाल्या. पहिल्या एप्रनच्या वरचा संघ जितका पगार पाठवतो त्याहून एक डॉलरही जास्त परत घेऊ शकत नाही. दुसऱ्या एप्रनच्या वर गेलात (2025-26 ला ही रेषा 20 कोटी 78 लाख डॉलरवर होती) की दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडू आणणंच बंद. रोख रक्कमही देता येत नाही.

उदाहरण जिमी बटलरचं. जानेवारी 2025 मध्ये मायामी हीटने त्याला एकाच महिन्यात तीनदा निलंबित केलं आणि रोजची बातमी होती की तो फिनिक्स सन्सकडे जाणार. त्याचा पगार 4 कोटी 88 लाख डॉलर. सन्स दुसऱ्या एप्रनच्या वर, म्हणजे छोटे पगार जोडायची सोय नाही, एकाच माणसाचा पगार त्याला पुरला पाहिजे. असे तिघेच होते: ड्युरांट, बुकर आणि ब्रॅडली बील. बटलरसाठी पहिल्या दोघांना कोण सोडणार? उरला बील, पगार 5 कोटी 2 लाख. आकडा बसतो. पण बीलच्या करारात नो-ट्रेड क्लॉज, म्हणजे त्याच्या संमतीशिवाय त्याला हलवता येत नाही, शिवाय तो घ्यायला कोणी तयार हवा. घोडं तिथेच अडलं. फेब्रुवारीत बटलर गेला गोल्डन स्टेट वॉरियर्सला, कारण वॉरियर्सना विगिन्स, श्रोडर, अँडरसन असे पगार एकत्र बांधता येत होते. ज्यांनी कागद-पेन्सिल घेतली त्यांना फिनिक्सची बातमी पहिल्या दिवसापासून अवघड दिसत होती.

दुसरं, तारीख. उन्हाळ्यात नवा करार केलेले बहुतेक खेळाडू 15 डिसेंबरपर्यंत ट्रेड करता येत नाहीत, काही तर 15 जानेवारीपर्यंत. नोव्हेंबरच्या अफवेत असं नाव दिसलं की पुढचं वाचायची गरज नाही.

तिसरं, पिक, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक ड्राफ्टमधला निवडीचा हक्क. पुढच्या लागोपाठ दोन वर्षांत पहिल्या फेरीचा एकही पिक हाती नाही, अशी वेळ संघाला स्वतःवर आणता येत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये सन्सनी ड्युरांटसाठी ब्रुकलिनला दिलेले पिक आठवा: 2023, 2025, 2027, 2029. एकाआड एक वर्ष. तो योगायोग नव्हता, नियमात बसतील तेवढे सगळे दिले. '2026, 2027 आणि 2028 चे पिक देणार' असं कोणी लिहिलं तर मधल्या वर्षी दुसऱ्या कोणाचा पिक त्यांच्याकडे आहे का ते बघा. नसेल तर सोडून द्या.

साडेपाचचा_गजर
सुंदर. मग एवढं गणित करून लुका कोणाला दिसला होता?

2 फेब्रुवारी 2025. लुका डॉन्चिच लेकर्सला, अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि 2029 चा एक पिक डॅलसला. आदल्या दिवसापर्यंत एक ओळ कुठे छापून आली नव्हती. डॅलसचा व्यवस्थापक निको हॅरिसन आणि लेकर्सचा रॉब पेलिंका या दोघांनी गुपचूप ठरवलं आणि बातमी फुटली तेव्हा लोकांना वाटलं वार्ताहराचं खातं कोणीतरी हॅक केलं. गेल्या कित्येक वर्षांतला सर्वात मोठा ट्रेड आणि अफवा शून्य. उलट पोर्टलंडचा लिलार्ड घ्या. 2023 चा अख्खा उन्हाळा 'मायामी, मायामी' चाललं होतं, सप्टेंबरअखेर गडी मिलवॉकीत. तुमचं गणित 'होऊ शकतं का' एवढं सांगतं. 'होणार का' त्यातून कळत नाही आणि लोक बातमी वाचतात ती दुसऱ्या प्रश्नासाठी.

एप्रनची_गाठ
लिलार्डचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. 'मायामी'ची बातमी पेरत कोण होतं? खेळाडूची बाजू. हेतू काय? बाकीच्या संघांनी बोलीच लावू नये. लीगला ते इतकं खटकलं की जुलैत सगळ्या संघांना पत्रक गेलं. पोर्टलंडला घाई नव्हती, लिलार्डच्या करारात अनेक वर्षं शिल्लक होती आणि नो-ट्रेड क्लॉज नव्हता. ते थांबले आणि तीन संघांच्या ट्रेडमध्ये जरू हॉलिडे, डिअँड्रे एटन घेऊन मोकळे झाले.

अफवा वाचताना 'हे कोणाच्या फायद्याचं' हा प्रश्न विचारायचाच. खेळाडूची बाजू एकाच शहराचं नाव घेते. विकणारा संघ 'पाच संघ रांगेत आहेत' म्हणतो. घेणारा संघ सहसा गप्प असतो, तो बोलायला लागला की समजा सौदा फिसकटतोय आणि आता पिकांची किंमत पाडायचीय. आणि उघड मागणीला दंड असतो हे विसरू नका. जानेवारी 2019 मध्ये एजंटाने जाहीरपणे ट्रेड मागितला म्हणून डेव्हिसला 50,000 डॉलर भरावे लागले. तेव्हापासून सगळं 'सूत्रांकडून' येतं.

लुकाबाबत मान्य. दोनच माणसं बोलत असतील आणि दोघांनाही गुप्तता हवी असेल तर काही फुटत नाही. पण त्याचा निकाल काय लागला? बाजारात बोलीच झाली नाही, एकच गिऱ्हाईक, एकच पिक. नोव्हेंबर 2025 मध्ये हॅरिसनची नोकरी गेली. अफवा सुटली असती तर डॅलसला जास्त मिळालं असतं.

बाकावरचा
एक पुरवणी: ट्रेड 'झाला' म्हणजे झाला नसतो. त्याच फेब्रुवारीत लेकर्सनी शार्लटकडून मार्क विल्यम्स घेतला. बदल्यात डाल्टन कनेक्ट, कॅम रेडिश, 2031 चा पिक आणि 2030 ची पिक-अदलाबदल. वैद्यकीय तपासणीत अडलं, सौदा रद्द, कनेक्ट आणि रेडिश परत. ट्रेडची डेडलाइन उलटून गेली होती, त्यामुळे दुसरा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) ट्रेडने आणायची सोयही संपली. मोठ्या दुखापतीतून आलेल्या खेळाडूचं नाव असेल तर तपासणी होईपर्यंत जर्सी छापू नये.

पण माझं भांडण धागाकर्त्याशी आहे. बेसबॉलचं प्लेऑफ (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्या) म्हणजे नाट्य नव्हे, लॉटरी. 162 सामने खेळायचे आणि मग पहिल्या फेरीत तीनपैकी दोन, पुढे पाचपैकी तीन. 2023 ला 104 विजयांचे ब्रेव्हज, 101 विजयांचे ओरिओल्स आणि 100 विजयांचे डॉजर्स, तिन्ही डिव्हिजन सिरीजमध्ये (पाचपैकी तीनची फेरी) घरी. अंतिम फेरीत कोण? 84 विजयांचे डायमंडबॅक्स. 2025 ला सर्वाधिक 97 विजय मिलवॉकीचे आणि डॉजर्सनी त्यांना 4-0 ने झोपवलं. मग सहा महिने काय मोजत होतो?

नववी_इनिंग
162 सामन्यांत पाच स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारे पिचर) आलटून-पालटून टाकतात, पाचवा कसाही असला तरी चालतो. ऑक्टोबरमध्ये मध्ये सुट्टीचे दिवस असतात, तीन-चार चांगले पिचर पुरतात. म्हणजे खोली असलेल्या संघाचा फायदा कमी होतो आणि वरचे तीन पिचर भारी असलेल्याचा वाढतो. ही लॉटरी नाही, वेगळी परीक्षा आहे. डॉजर्सच्या यामामोटोने 31 ऑक्टोबरला वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात 96 चेंडू टाकले आणि दुसऱ्या रात्री सातव्यात येऊन आणखी 34. नियमित मोसमात असं कोणी करणार नाही.

आणि नियमही बदलतो. नियमित मोसमात दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर फुकटचा रनर उभा असतो, प्लेऑफमध्ये तो नाही. म्हणून तिसरा सामना 18 इनिंग चालला, 6 तास 39 मिनिटं. डॉजर्सचा ओहतानी नऊ वेळा बेसवर पोचला, त्यात चार वेळा त्याला मुद्दाम वॉक (चेंडू न मारता पहिला बेस) दिला. शेवटी फ्रेडी फ्रीमनने संपवला, पण त्याआधी डॉजर्सचा पिचर विल क्लाइनने चार इनिंग एकही धाव दिली नव्हती. त्याचं नाव त्या रात्रीआधी किती जणांना माहीत होतं?

बाकावरचा
आणि फिलाडेल्फियाचा पिचर करकरिंग? त्याच मोसमाच्या प्लेऑफमध्ये डॉजर्सविरुद्ध, अकरावी इनिंग, 1-1, बेस भरलेले, दोन आउट. चेंडू सरळ त्याच्याकडे आला, हातमोज्याला लागून पायाशी पडला. पहिल्या बेसवर फेकला असता तर इनिंग संपली असती, कॅचर (फलंदाजामागचा झेल घेणारा) रिअलम्यूटो तिकडेच बोट दाखवत होता. याने घाईत होम प्लेटकडे (जिथे धाव पूर्ण होते) फेकला, तोही बाजूला. मोसम खलास. सहा महिन्यांच्या मेहनतीचा निकाल एका गोंधळलेल्या सेकंदावर.

नववी_इनिंग
मग बास्केटबॉलमध्ये शेवटच्या सेकंदाचा फ्री थ्रो चुकत नाही का?

पहिल्या_बेसचा_कोच
मला सातव्या सामन्याबद्दल बोलायचंय, कारण रोहासच्या होम रनपेक्षा मोठा क्षण त्याच इनिंगच्या उत्तरार्धात होता. बरोबरी, बेस भरलेले, एक आउट, फलंदाज टोरंटोचा वार्शो. तिसऱ्या बेसवर काइनर-फलेफा, तो बिशेटच्या जागी पळायला आलेला. जवळचे क्षेत्ररक्षक पुढे ओढलेले. चेंडू दुसऱ्या बेसजवळ उभ्या रोहासकडे. तो उचलताना तोल गेला, तरी होमकडे फेकला. डॉजर्सचा कॅचर विल स्मिथचा पाय प्लेटवरून किंचित सुटला आणि परत टेकला. रनर अगदी थोडक्यात आउट. रिव्ह्यूतही तोच निकाल.

चूक नेमकी कुठे? काइनर-फलेफाने बेस फारसा सोडलाच नव्हता. पिचरच्या हातून चेंडू सुटताना रनरने आणखी दोन-तीन पावलं पुढे सरकायचं असतं, ती तिथे दिसली नाहीत. शिवाय तो घसरला. बेस भरलेले म्हणजे फोर्स (रनरला पुढे जावंच लागतं), टॅग (चेंडूचा स्पर्श) टाळायचा प्रश्नच नाही. होम प्लेटला पाय लागला की धाव मोजली जाते, पुढे पळत गेला तरी बिघडत नाही. सरळ पळायला हवं होतं.

साडेपाचचा_गजर
वरातीमागून घोडं. आदल्याच रात्री काय झालं ते बघा: सहाव्या सामन्याच्या शेवटी टोरंटोच्या हिमेनेझने मारलेला चेंडू डॉजर्सच्या कीके हर्नांडेझने पुढे धावत पकडला, दुसऱ्या बेसकडे फेकला आणि तिथला रनर बार्जर बेसवर परतू न शकल्याने दोघे आउट, सामना खतम. चोवीस तासांनी तिसऱ्या बेसवरचा माणूस जपून उभा राहणारच. लाइन ड्राइव्हवर (सरळ हवेत जाणारा फटका) डबल प्ले, म्हणजे दोघे आउट, झाला असता तर तुम्हीच 'एवढा पुढे कशाला गेला' म्हणाला असता. घसरण्याचं पटलं.

(ही मॅच भारतात 2 नोव्हेंबरच्या पहाटे साडेपाचला सुरू झाली आणि त्याच दिवशी नवी मुंबईत महिलांचा वर्ल्ड कप फायनल. त्या रविवारी घरात रिमोटला हात लावणाऱ्याचं काही खरं नव्हतं.)

बाकावरचा
नाट्य नाट्य काय करता, डॉजर्सनी पैशाने जिंकलं. ओहतानीचा करार 70 कोटी डॉलरचा, त्यातले 68 कोटी नंतर द्यायचे. बेसबॉलला सॅलरी कॅप नाही, नुसता टॅक्स. एनबीएत त्याच जाचक एप्रनमुळे 2019 ते 2025 सात वर्षांत सात वेगळे विजेते: रॅप्टर्स, लेकर्स, बक्स, वॉरियर्स, नगेट्स, सेल्टिक्स, थंडर.

नववी_इनिंग
दुसरा एप्रन आला 2023 च्या करारात आणि तुम्ही 2019 पासून श्रेय देताय. आणि कॅप नसलेल्या बेसबॉलमध्ये यँकीजच्या 1998-2000 नंतर लागोपाठ दोनदा कोणी जिंकलंच नव्हतं, 2024-25 च्या डॉजर्सपर्यंत. पैशाने ऑक्टोबर विकत मिळत असता तर एवढी वर्षं लागली नसती.

एप्रनची_गाठ
एक गंमत राहिली. अकराव्या इनिंगमध्ये स्मिथने ज्याला होम रन मारला तो शेन बीबर. टोरंटोत कसा आला? 31 जुलै 2025, ट्रेड डेडलाइन, क्लीव्हलंडकडून. तेव्हा तो कोपराच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता, म्हणून किंमत बेताची: एक नवखा पिचर. त्या आठवड्यातल्या अफवांत कोणाचं नाव, दुखापत किती, करार किती उरलाय हे ज्याने वाचलं त्याला टोरंटोचं ऑक्टोबरचं पिचिंग आधीच दिसत होतं. तुमच्या नाट्यातलं पात्र आमच्या कुजबुजीतून आलेलं आहे.

नववी_इनिंग
बीबरचा ट्रेड ही बातमी होती. झालेला सौदा. झालेल्या सौद्याला माझा विरोध कधीच नव्हता, न झालेल्या चाळीस सौद्यांना आहे.

बाकावरचा
सौदे होतील तेव्हा होतील. बेसबॉलचा कामगार करार 1 डिसेंबर 2026 ला संपतोय आणि मालकांना कॅप हवीय. 1994 ला याच भांडणात संप झाला आणि वर्ल्ड सिरीज खेळलीच गेली नाही.

साडेपाचचा_गजर
एनबीएवाल्यांनी हसू नये. 2011 चा लॉकआउट (मालकांनी केलेली टाळेबंदी) पैशांवरूनच होता आणि तो मोसम 82 ऐवजी 66 सामन्यांचा झाला.