मदत हवी आहे: पेंढ्याच्या भिंती आणि वर मातीचं छप्पर, आपल्या पावसात टिकेल का?

मंडळी, राहतो मुलुंडला, पण मुरबाडजवळ आजोबांची ७ गुंठे जमीन आहे, तिथे भाताच्या पेंढ्याचे मशीनने दाबलेले गठ्ठे रचून भिंती आणि वर हिरवळीचं छप्पर असं छोटं घर बांधायचं खूप मनात आहे. अमेरिकेत नेब्रास्कात १९२८ सालचं असं चर्च अजून उभं आहे, पण तिथे आपल्यासारखा पाऊस कुठे! गठ्ठ्यात ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की पेंढा कुजायला लागतो, म्हणून उंच दगडी जोतं, लांब वळचण आणि सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा, म्हणजे भिंतीतली वाफ बाहेर पडेल, एवढं ठरवलंय. गेल्या श्रावणात काकांच्या उडवीत, म्हणजे पेंढ्याच्या रचलेल्या ढिगात, कोपरापर्यंत हात घालून बघितला, आत कोरडंठाक, पण जमिनीला टेकलेला थर पार काळा आणि कुबट, तेव्हापासून धाकधूक आहे. शिवाय छपरावर हिरवळीखाली १० सेंटीमीटर भिजलेली माती म्हणजे चौरस मीटरला १५० किलोच्या वर वजन, ते भिंतींवर न देता लाकडी खांबांवर घ्यावं ना? वाळवी-उंदरांचं काय करता? ठाणे-रायगडकडे चुन्याचं काम येणारा गवंडी कुणाच्या ओळखीत असेल तर प्लीज सांगा, दिवाळीनंतर जोतं घ्यायचंय.